निगेटिव्ह ग्रुप आणि बाळंतपण: पेण-रोह्यात खर्च किती, इंजेक्शन कधी

तुमचा रक्तगट निगेटिव्ह आहे आणि दिवस राहिले आहेत, तर चार गोष्टी आजच फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. नवऱ्याचा रक्तगट. २८वा आठवडा ज्या दिवशी भरतो ती तारीख. अँटी-डी इंजेक्शन मिळण्याचे ठिकाण. आणि मोठ्या अक्षरात: बाळंतपणानंतर ७२ तास. ए, बी, ओ की एबी, याने फरक पडत नाही. पुढे ‘निगेटिव्ह’ असले की नियम एकच.

घाबरण्याचे कारण नाही, पण विसरून चालणारे हे प्रकरण नाही. बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणात त्याच्या थोड्या रक्तपेशी तुमच्या रक्तात येतात आणि तुमचे शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकते. या बाळाला सहसा काही होत नाही. पुढच्या बाळाचे रक्त मात्र त्या अँटिबॉडी पोटातच फोडू लागतात. अँटी-डी इंजेक्शन वेळेत घेतले तर अँटिबॉडी तयारच होत नाहीत. एकदा तयार झाल्या की त्या घालवणारे औषध नाही. ‘पहिल्या वेळी काही झाले नाही, मग आता कशाला?’ असे घरात कोणी म्हणाले, तर त्यांना एवढेच सांगा: धोका दुसऱ्या बाळालाच जास्त असतो.

सगळ्यात स्वस्त तपासणी आधी करा, ती म्हणजे नवऱ्याच्या रक्तगटाची. खासगी लॅबमध्ये शंभर-दोनशे रुपयांचे काम. नवराही निगेटिव्ह निघाला तर बाळ निगेटिव्हच असणार. मग इंजेक्शन नाही, पुढच्या तपासण्या नाहीत, सहा-आठ हजार रुपये वाचले. पण ड्रायव्हिंग लायसन्सवरचा, कंपनीच्या ओळखपत्रावरचा किंवा ‘शाळेत असताना तपासला होता’ तो रक्तगट धरू नका. लायसन्सवर आपण सांगू तो रक्तगट छापून येतो. लॅबचा सही-शिक्क्याचा ताजा रिपोर्ट घ्या आणि फाइलला लावा. स्वतःचा रक्तगटही एकदा पुन्हा तपासून घ्या. एवढा खर्च आणि धावपळ एका जुन्या चिठ्ठीवर अवलंबून ठेवू नये.

दुसरी तपासणी आयसीटी, म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट. तुमच्या रक्तात आधीपासून अँटिबॉडी आहेत का, हे ती सांगते. पहिल्या तपासणीच्या वेळी एकदा आणि २८व्या आठवड्यात इंजेक्शनच्या आधी एकदा. खासगी लॅबमध्ये प्रत्येक वेळी साधारण तीनशे ते सहाशे रुपये. पेण किंवा रोह्याच्या लॅबमध्ये रक्त घेतले तरी नमुना बऱ्याचदा पनवेल-मुंबईच्या मोठ्या लॅबला जातो आणि रिपोर्टला एक-दोन दिवस लागतात. हे दिवस हिशेबात धरा. रक्त देतानाच विचारा: रिपोर्ट कधी, आणि नमुना पाठवण्याचा वेगळा आकार आहे का.

इथे एक फसगत नेहमी होते. अँटी-डी घेतल्यावर आयसीटी काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण इंजेक्शनमधल्याच अँटिबॉडी रक्तात फिरत असतात. ते ठाऊक नसलेला माणूस रिपोर्ट पाहून हादरतो. मग पुन्हा तपासणी, टायटर (अँटिबॉडीचे प्रमाण मोजणारी तपासणी), सोनोग्राफी, मुंबईची फेरी. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी रक्त द्या, मग इंजेक्शन घ्या. इंजेक्शननंतर कोणी आयसीटी सांगितली तर ‘मी अमुक तारखेला अँटी-डी घेतले आहे’ हे आधी सांगा आणि तपासणी खरोखर लागते का ते विचारा. बहुतेक वेळा लागत नाही.

आता मुख्य खर्च. अँटी-डी ३०० मायक्रोग्रॅमचे एक इंजेक्शन बाजारात साधारण दोन ते चार हजारांच्या घरात पडते. कंपनीनुसार भाव बदलतो. हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे त्याच्या किमतीवर सरकारी नियंत्रण आहे. पूर्ण दिवस भरलेल्या बाळंतपणात अशी दोन लागतात: एक २८व्या आठवड्यात, दुसरे बाळंतपणानंतर बाळ पॉझिटिव्ह निघाले तर. बाळाच्या तपासण्या दोन, रक्तगट आणि डीसीटी म्हणजे डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट. त्यांचे मिळून पाचशे ते हजार धरा. खासगीत सगळे केले तर नेहमीच्या बाळंतपणाच्या बिलावर सहा ते दहा हजार रुपये वर जातात. एवढी रक्कम बाजूला काढून ठेवा, किंवा पुढचे वाचून सरकारी मार्ग धरा.

पैसे न देता कुठे

पेणला उपजिल्हा रुग्णालय आहे, रोह्यालाही आहे. दोन्हींच्या वर अलिबागचे जिल्हा सामान्य रुग्णालय. नागोठण्यासारख्या ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. निगेटिव्ह ग्रुप असेल तर नोंदणी आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात करा, पण बाळंतपण उपजिल्हा रुग्णालयात किंवा अलिबागलाच ठरवा. रक्त, सिझर आणि लहान मुलांचे डॉक्टर यांची गरज पडली तर आरोग्य केंद्रातून ऐन वेळी हलवण्यातच वेळ जातो.

पैसे किती? नियमाने शून्य. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून लागू आहे. त्यात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडी हे सगळे मोफत आहे. जेवण साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस. नंतर यात गरोदरपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीही आल्या, आणि आजारी बाळाला वर्षभरापर्यंत उपचार मोफत झाले. त्याशिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे नाहीत. या सवलतीला पिवळे-केशरी रेशनकार्ड लागत नाही. ‘तुम्ही गरिबीरेषेखाली नाही, म्हणून इंजेक्शन विकत आणा’ असे कोणी म्हणाले तर ते चूक आहे.

अडचण पैशाची नसते, साठ्याची असते. अँटी-डी महाग औषध आहे, रोज लागत नाही, फ्रिजमध्ये ठेवावे लागते, त्यामुळे ते संपलेले असू शकते. बाळंतपणानंतरचे इंजेक्शन सहसा मिळते. २८व्या आठवड्याचे मिळेलच असे धरू नका. म्हणून २८वा आठवडा भरण्याच्या पंधरा दिवस आधी रुग्णालयाच्या औषध विभागात जाऊन स्वतः विचारा. ‘आहे’ म्हणाले तर ‘माझ्यासाठी एक राखून ठेवा’ हे प्रसूती विभागातल्या सिस्टरना सांगा आणि तुमच्या कार्डावर तशी नोंद करून घ्या. ‘नाही’ म्हणाले तर लगेच मेडिकलकडे वळू नका. वैद्यकीय अधीक्षकांना भेटा आणि एका ओळीचा लेखी अर्ज द्या: रक्तगट, आठवडा, इंजेक्शनची तारीख, आणि ‘स्थानिक खरेदीतून उपलब्ध करून द्यावे’. रुग्णालयाला गरजेची औषधे स्थानिक पातळीवर विकत घेता येतात. अर्जाची पोच घ्या. तोंडी मागणी हवेत विरते, पोच असलेल्या कागदाला उत्तर द्यावे लागते.

दर महिन्याची ९ तारीख लक्षात ठेवा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली त्या दिवशी सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. निगेटिव्ह ग्रुप हा जोखमीच्या यादीत येतो. त्या दिवशी कार्डावर ‘आरएच निगेटिव्ह’ असे ठळक, शक्यतो लाल शाईत लिहून घ्या. गर्दी असते, सकाळी लवकर जा. रक्ताचे नमुने सरकारी ठिकाणी महालॅब या सरकारी तपासणी योजनेमार्फतही मोफत तपासले जातात. आयसीटी तिथे होणार की दुसरीकडे पाठवणार, हे रक्त देतानाच विचारा, म्हणजे खासगी लॅबची पावती फाडायची वेळ येणार नाही.

कागद कोणते? माता-बाल संरक्षण कार्ड, त्यावर गरोदरपणाच्या नोंदणीचा आरसीएच नंबर. तुमचे आधार आणि नवऱ्याचे आधार. तुमच्या एकटीच्या नावाचे, आधारला जोडलेले बँक खाते. रेशनकार्ड. तुमच्या आणि नवऱ्याच्या रक्तगटाचे रिपोर्ट. आयसीटीचे रिपोर्ट. आधी गर्भपात किंवा बाळंतपण झाले असेल तर त्या वेळची डिस्चार्ज समरी, आणि तेव्हा इंजेक्शन घेतले होते की नाही याचा कागद. प्रत्येकाची एक झेरॉक्स आणि नवऱ्याच्या मोबाइलमध्ये एकेक फोटो. आशाताईंना फोटो पाठवून ठेवलेत तर उत्तम. रात्री-अपरात्री धावाधाव तुमच्या आधी त्याच करतात.

मिळणारे पैसेही सोडू नका. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि जमातीच्या बाईला सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ग्रामीण भागात ७०० आणि शहरी भागात ६०० रुपये मिळतात. मातृवंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या बाळाला ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. हे पैसे इंजेक्शनच्या वेळेला हातात येतील या भरवशावर राहू नका, ते उशिराच येतात. धाटावच्या एमआयडीसीत किंवा इतरत्र नोकरी असून पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) कापली जात असेल, तर तो तिसरा मार्ग. कार्ड घेऊन ईएसआयसीच्या दवाखान्यात आधीच नोंद करा.

सातवा महिना आणि माहेर

या एका जागी सगळ्यात जास्त चुकामूक होते, म्हणून जरा थांबून सांगते. २८वा आठवडा म्हणजे सातवा महिना सरत आलेला. आपल्याकडे ओटीभरण नेमके तेव्हाच होते, आणि पहिलटकरीण माहेरी जाते. सासर पेणला, नाव पेणच्या दवाखान्यात, माहेर रोह्याच्या पुढे किंवा थेट माणगाव-महाडला. इकडच्या डॉक्टरांना वाटते तिकडे घेतील, तिकडच्यांना वाटते घेऊन आली असेल. फाइल सासरी कपाटात, बाई माहेरी, आणि इंजेक्शन कुठेच नाही. उलट फसगतही होते: कागद सोबत नसल्याने माहेरच्या दवाखान्यात तेच इंजेक्शन पुन्हा दिले जाते आणि तीन हजार रुपये पुन्हा जातात.

म्हणून ओटीभरणाचा मुहूर्त काढताना इंजेक्शनची तारीख समोर ठेवा. आधी इंजेक्शन, मग प्रवास. माहेरी जाताना मूळ फाइल सोबत, कार्डावर इंजेक्शनची तारीख, मात्रा आणि बॅच नंबर. रिकाम्या खोक्याचा फोटो काढून ठेवा. सही-शिक्का नसेल तर तोच पुरावा. माहेरच्या उपकेंद्रात पहिल्या आठवड्यात नाव नोंदवा. आरसीएच नंबर तोच चालतो, नवे कार्ड काढायची गरज नाही.

गणपतीच्या दिवसांचेही असेच. २८वा आठवडा किंवा बाळंतपणाची तारीख गणेशोत्सवाच्या आसपास येत असेल तर इंजेक्शनची सोय चतुर्थीच्या आठवडाभर आधी लावा. त्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर पळस्पे ते वडखळ किती तास लागतील हे कोणी सांगू शकत नाही. पनवेलहून येणारी औषधांची गाडीही त्याच रांगेत असते. २८व्या आठवड्याचे इंजेक्शन दोन-चार दिवस मागे-पुढे झाले तर बिघडत नाही, ते थोडे लांबले म्हणून सोडून मात्र देऊ नका. काही डॉक्टर २८ आणि ३४ अशा दोन आठवड्यांना मात्रा देतात. एकच ३०० मायक्रोग्रॅमची मात्रा ही सर्वमान्य पद्धत आहे. दुसरी सांगितली तर कारण विचारा.

बिलात काय लपते

खासगी प्रसूतिगृहात ‘पॅकेज’ ठरवता तेव्हा अँटी-डी बहुधा त्यात नसते. बाळाचा रक्तगट नसतो, डीसीटी नसते, कावीळ झाली तर पेटीत ठेवण्याचे रोजचे भाडे नसते. पॅकेजचा आकडा ऐकून मान डोलावण्याआधी हे चार प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. पेटीचा दर दिवसाचा की तासाचा, हेही विचारा. नर्सिंग होमच्या नियमांत राज्याने २०२१ मध्ये दुरुस्ती केली आहे. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. दरपत्रक दिसले नाही तर मागा.

इंजेक्शन त्याच दवाखान्याच्या मेडिकलमधून घ्या, अशी सक्ती कोणालाही करता येत नाही. चिठ्ठी घेऊन बाहेर दोन दुकानांत भाव विचारा. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही. ‘बर्फाचे’, ‘मुंबईहून मागवण्याचे’, ‘अर्जंटचे’ असे वरचे पैसे छापील किमतीवर लावले तर ती जादा आकारणी आहे. पक्के बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असलाच पाहिजे. इंजेक्शन टोचण्याचा आकार दवाखाना वेगळा लावू शकतो, तो शे-दोनशेचा असतो. याच कामासाठी हजाराचा आकडा दिसला तर तपशील विचारा.

बाहेरून विकत घेतले तर ने-आण तुमच्या जबाबदारीची. हे औषध २ ते ८ अंश तापमानात राहायला हवे. गोठलेही नाही पाहिजे, म्हणजे बर्फाला थेट चिकटवून ठेवायचे नाही आणि फ्रीजरमध्ये तर नाहीच. मेडिकलवाल्याकडून आइस पॅकची थर्मोकोलची पेटी घ्या, मध्ये कागद किंवा कापड घाला आणि सरळ दवाखान्यात न्या. पेणहून उन्हात पिशवीत टाकून तासभर एसटीने फिरवलेले इंजेक्शन टोचून उपयोग नाही. काम झाले की नाही, ते दिसतही नाही. कळते ते पुढच्या बाळाच्या वेळी. दुकानात ते फ्रिजमधून काढून दिले का, तेही डोळ्यांनी पाहा.

सगळ्यात मोठा लपलेला खर्च परत न होणाऱ्या इंजेक्शनचा. थंड साखळीतले औषध एकदा दुकानाबाहेर गेले की दुकानदार परत घेत नाही. त्याचे बरोबरही आहे. पण बाळ निगेटिव्ह निघाले तर बाळंतपणानंतरचे इंजेक्शन लागतच नाही, आणि आधीच आणून ठेवलेले तीन हजार वाया जातात. २८व्या आठवड्याचे इंजेक्शन बिनधास्त विकत घ्या, ते वापरले जाणारच. बाळंतपणानंतरचे मात्र आधी घरी आणू नका. नवव्या महिन्यात मेडिकलवाल्याशी बोलून ठेवा: ‘अमुक तारखेच्या आसपास लागेल, एक फ्रिजमध्ये ठेवा, बाळाचा ग्रुप कळला की नेतो.’ थोडी आगाऊ रक्कम मागितली तर द्या, पण बिलावर ‘न नेल्यास परत’ असे लिहून घ्या. पेणमध्ये एक आणि अलिबाग किंवा पनवेलमध्ये एक, अशा दोन दुकानांचे नंबर ठेवा. रोह्याच्या लोकांनी नागोठण्याचेही दुकान विचारून ठेवावे.

बाळ झाल्यावर

नाळ कापली की नाळेतूनच रक्त घेतले जाते, बाळाला टोचावे लागत नाही. कळा सुरू होऊन दाखल होताना, आणि पुन्हा आत नेताना, सोबतच्या बाईने सिस्टरना सांगायचे: ‘हिचा ग्रुप निगेटिव्ह आहे, नाळेचे रक्त घ्या.’ एवढे एक वाक्य. सिझर असेल तर ऑपरेशनला नेण्याआधी सांगा. त्या नमुन्यावर रक्तगट, डीसीटी, हिमोग्लोबिन आणि बिलिरुबिन होते. नमुना लॅबमध्ये पोचला का, हे नवऱ्याने किंवा भावाने स्वतः बघायचे. शनिवारी रात्री बाळंतपण झाले तर सोमवारची वाट बघत बसू नका. रुग्णालयात लॅब बंद असेल तर नमुना बाहेरच्या लॅबमध्ये न्या, नुसत्या रक्तगटाला शंभर-दोनशे रुपये लागतील.

७२ तास बाळाच्या जन्माच्या वेळेपासून मोजायचे, डिस्चार्जपासून नव्हे. शक्यतो पहिल्या ४८ तासांत उरका. साध्या बाळंतपणात लवकर घरी सोडण्याची घाई असते. इंजेक्शन टोचून, कार्डावर नोंद होऊन मगच घरी निघा. ‘आठवड्याने टाके बघायला याल तेव्हा देऊ’ हे उत्तर मान्य करू नका. बाळाचा ग्रुप कळतच नसेल आणि वेळ संपत आला असेल, तर इंजेक्शन घेऊन टाका. न लागणारे इंजेक्शन घेतल्याने नुकसान पैशाचेच. काही कारणाने ७२ तास उलटलेच तर ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडू नका. दहा दिवसांपर्यंतही थोडाफार उपयोग होतो, डॉक्टरांकडे धावा. २८व्या आठवड्यात घेतले होते म्हणून आता नको, असेही नाही. ते इंजेक्शन बाळंतपणापर्यंतचे, हे त्यापुढचे. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया लगेच करणार असाल तरीही इंजेक्शन घ्यावे, असेच बहुतेक डॉक्टर सांगतात.

बाळाकडे लक्ष ठेवा. पहिल्या २४ तासांत डोळे-अंग पिवळे दिसले तर ती नेहमीची कावीळ नव्हे. कोवळ्या उन्हात धरून, गुटी देऊन थांबू नका. लगेच दाखवा. अलिबागला नवजात बाळांसाठी विशेष कक्ष आहे आणि तिथले उपचार मोफत आहेत. न्यायला १०८ किंवा १०२ लावा. खासगी गाडीला पेणहून अलिबागचे मागतील ते द्यावे लागतात. १०२ ला बाळंतीण आणि बाळासाठी एक रुपयाही नाही, ड्रायव्हरला ‘चहापाणी’ही नाही.

बाळंतपण नसतानाही

गर्भपात झाला, आपोआप किंवा करून घेतलेला. गर्भ नळीत राहिला. मध्येच रक्तस्राव झाला. मोटारसायकलवरून पडलात, पोटावर मार बसला. पोटातल्या पाण्याची तपासणी केली. आडवे बाळ बाहेरून हाताने फिरवले. या प्रत्येक वेळी तीच ७२ तासांची मुदत लागू होते, आणि नेमक्या याच वेळी रक्तगटाची आठवण कोणाला होत नाही. दवाखान्यात पाऊल ठेवताच ‘मी निगेटिव्ह आहे’ हे तुम्हीच सांगा.

१२ आठवड्यांच्या आतल्या गर्भपाताला १५० मायक्रोग्रॅमची छोटी, म्हणजे स्वस्त मात्रा पुरते. ३०० चे लिहून दिले तर छोटी चालेल का ते विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १२ आठवड्यांच्या आत इंजेक्शनची गरज नाही असे म्हटले आहे, पण आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर अजून देतात. पुढे मूल हवे असेल तर मी तरी ते घेण्याच्याच बाजूने आहे. दिवस किती गेलेत याचा अंदाज आपल्याकडे अनेकदा चुकतो, आणि चूक भरून काढता येत नाही. दुकानातून परस्पर गोळ्या आणून घरी गर्भपात करणे तर कोणीच करू नये. निगेटिव्ह ग्रुपच्या बाईला त्यात रक्तस्रावाचा धोका आहेच, शिवाय इंजेक्शनही राहून जाते. वाडीवस्तीवरच्या बायकांचे हेच जास्त होते. आशाताईंनी अशा गर्भपातांच्या नोंदी विचारून घ्याव्यात.

आयसीटी आधीच पॉझिटिव्ह असेल तर

अँटी-डी न घेताच पॉझिटिव्ह आली असेल, आणि त्या अँटिबॉडी ‘डी’च्याच आहेत असे निघाले असेल, तर अँटी-डीचा उपयोग नाही. तरीही कोणी द्यायला निघाले तर थांबवा आणि तज्ज्ञाला दाखवा. आता पैसे दुसरीकडे लागतील: टायटर दर चार आठवड्यांनी, १:१६ किंवा वर गेले तर बाळाच्या मेंदूच्या रक्तवाहिनीची डॉप्लर सोनोग्राफी. ती खासगीत दीड ते अडीच हजारांची आणि पुन्हा पुन्हा करावी लागते. हे काम पेण-रोह्यात होणार नाही, आणि मध्येच चार दवाखाने फिरून पैसे घालवू नका. सरळ मुंबईला परळ गाठा. तिथे केईएम रुग्णालय आहे, त्याच आवारात रक्तविकारांवर काम करणारी एनआयआयएच ही केंद्र सरकारची संस्था आहे, आणि जवळच नौरोसजी वाडिया प्रसूती रुग्णालय. रोह्याहून आणि पेणहून दिव्यापर्यंत मेमू आहे, तिथून लोकल. एसटीने गेलात तर मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. अलिबागच्या रुग्णालयाची संदर्भ चिठ्ठी सोबत असेल तर काम लवकर होते.

रक्त लागले तर

निगेटिव्ह रक्त सहज मिळत नाही. आपल्याकडे शंभरातले जेमतेम पाच जण निगेटिव्ह असतात. सिझर होऊ शकते असे डॉक्टर म्हणाले तर नवव्या महिन्यातच तुमच्या गटाचे दोन दाते शोधून ठेवा. भाऊ-बहीण आधी तपासा, त्यांच्यात निगेटिव्ह सापडण्याची शक्यता जास्त. ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर जवळच्या रक्तपेढ्यांतला साठा दिसतो, पण फोन करून खात्री केल्याशिवाय निघू नका. सरकारी रुग्णालयातल्या बाळंतिणीला रक्त मोफत. खासगी रक्तपेढीत रक्ताची किंमत नसते, प्रक्रियेचा खर्च घेतात. लाल पेशींच्या एका पिशवीला १,५५० रुपये हा २०२२ पासूनचा दर, जादा तपासणी केली तर तिचा आकार वेगळा. ‘निगेटिव्ह आहे म्हणून जास्त’ असा कोणताही दर नाही. तसे पैसे मागणारा माणूस रक्तपेढीचा नसून दलाल आहे.

तक्रार करायची असेल तर थेट करा. उपजिल्हा रुग्णालयाबद्दल अलिबागच्या जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, आरोग्य केंद्राबद्दल जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. औषधाच्या भावाबद्दल अन्न व औषध प्रशासनाच्या १८०० २२२ ३६५ वर, बिलाबद्दल ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. पण बाळंतपणाच्या ७२ तासांत तक्रार करत बसू नका. तेव्हा इंजेक्शन मिळेल तिथून, पडेल त्या छापील किमतीला घ्या, बिल जपून ठेवा, आणि भांडण बारशानंतर करा.